घाटात काटा चढतो, सकाळी सेल्फ मरतो : पिकअपचं दुखणं नक्की कुठं?

ओतूरकर
नमस्कार मंडळी. गाडी डिझेल पिकअप, २०११ ची, बीएस-३ (प्रदूषणाचा जुना नियम), मेकॅनिकल पंपाची, म्हणजे डिझेलच्या पंपाला कॉम्प्युटर नाही. धंदा भाजीचा. संध्याकाळी नारायणगावात टोमॅटो नाहीतर ओतूरला कांदा भरायचा, माळशेज, मुरबाड, कल्याण करत रात्रीत वाशी गाठायची, माल उतरवून दुसऱ्या दिवशी परत.

दुखणी दोन. पहिलं म्हणजे वाशीत माल उतरवून सेल्फ मारला की घर्र करून मान टाकतो. हमालांना धक्का मारायला लावायचा म्हणजे चहाचे पैसे वेगळे. दुसरं, माळशेजात टेंपरेचरचा काटा पाऊणच्या पुढं जातो. पाणी कमी होत नाही, रेडिएटर साफ करून झालाय, फॅनबेल्ट टाइट आहे.

बॅटरी याच वर्षी नवी घेतली. डायनॅमो (अल्टरनेटर) खोलून कार्बन आणि कटआऊट (व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर) नवीन टाकले. वायरमन म्हणतो चार्जिंग ओके, अर्थिंग ओके. बॅटरीवाला म्हणतो बॅटरी ओके. मेकॅनिक म्हणतो हेड गॅसकेट, इंजिन खोलू. मीटरमधला बॅटरीचा लाल दिवा चालत्या गाडीत कधीच लागत नाही. पहिल्या दुखण्याचा दुसऱ्याशी काही संबंध असेल का, का दोन वेगवेगळी कामं काढू?

रानवारा
भाऊ, थर्मोस्टॅट (इंजिन गार असताना रेडिएटरचं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह) काढून फेका. आमच्या तिन्ही गाड्यांचा काढलाय. काटा अर्ध्यावर येतच नाही.

मिस्त्री_नाशिक
रानवारा, काटा अर्ध्यावर येत नाही म्हणजे इंजिन थंडच पळतंय. डिझेल जास्त खाणार, सिलिंडर लवकर झिजणार. थर्मोस्टॅट काढल्यानं दुखणं जात नाही, काटा दाखवायचा बंद होतो एवढंच. ओतूरकर, तुम्ही तो अजिबात काढू नका.

आधी तीन गोष्टी सांगा. काटा घाट चढताना वर जातो का उतरताना? दिवसा जातो का रात्री? आणि तो वर असताना डिझेलचा काटा पण हलतो का?

बाप्या_शिरूर
एवढी चौकशी कशाला? गाडी चालू करा, रेस धरा, बॅटरीचं एक टर्मिनल उपटा. इंजिन चालू राहिलं तर डायनॅमो ओके. आमच्या वडिलांपासून हीच टेस्ट.

पेठेतला_इंजिनिअर
कृपया कोणीही हे करू नका.

डायनॅमो भरात करंट देत असताना बॅटरी एकदम सुटली की रोटरमधलं, म्हणजे आतल्या फिरणाऱ्या चुंबकातलं, चुंबकत्व लगेच उतरत नाही. सेकंदाचा काही भाग तो तेवढाच करंट ढकलत राहतो, आणि घ्यायला बॅटरी नसते. बारा व्होल्टच्या गाडीत अशा वेळी साठ-सत्तर व्होल्टच्याही वर झटका जाऊ शकतो. डायनॅमोतले एसीचं डीसी करणारे डायोड, कटआऊट, मीटरचं सर्किट, आणि नव्या गाडीत ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर), कशाचाही बळी जाईल. शिवाय मेकॅनिकल पंपाचं डिझेल इंजिन एकदा पेटलं की त्याला वीज लागते ती फक्त पंपाचा सोलेनॉइड उघडा ठेवायला, कित्येक गाड्यांत तेवढीही नाही. म्हणजे डायनॅमो पार मेलेला असतानाही ते मजेत चालू राहू शकतं. टेस्ट धोक्याची तर आहेच, वर डिझेलमध्ये उत्तरही खोटं देते.

बाप्या_शिरूर
वडिलांच्या जीपला कधी काही झालं नाही ब्वा.

मिस्त्री_नाशिक
बाप्या, वडिलांच्या जीपमध्ये जळायला इलेक्ट्रॉनिक्स होतं कुठं?

ओतूरकर
मिस्त्रीदादा, तुम्ही विचारलं तेव्हा नीट आठवून बघितलं. काटा वर जातो तो वाशीला जाताना, म्हणजे घाट उतरताना. रात्रीच. पाऊस असला की जास्त. परत येताना दिवसा घाट चढतो तेव्हा काटा अर्ध्यावर गप्प असतो. आता लिहितानाच विचित्र वाटायला लागलंय. डिझेलचा काटा जागचा हलत नाही.

रानवारा
जाताना माल भरलेला असतो, लोड असतो. म्हणून तापत असणार.

मिस्त्री_नाशिक
रानवारा, माल भरलेला असला तरी उतारावर इंजिनाला काम नसतं, ते तर ब्रेक धरत असतं. उतारावर, रात्रीच्या गारव्यात, पावसात तापणारं आणि भर दुपारी घाट चढताना न तापणारं इंजिन मी अजून पाहिलेलं नाही. इंजिन तापतच नाहीये. खोटं बोलतोय तो काटा.

रात्री पावसात चालू काय असतं बघा. हेडलाइट, वायपर, काच धुरकटते म्हणून ब्लोअर, धुक्याचे दिवे. म्हणजे डायनॅमोवर सगळ्यात जास्त लोड. दिवसा यातलं काहीच नसतं. काटा घाटामुळं चढत नाही, लोडमुळं चढतोय.

आता घरी उभ्या गाडीवर हे करा. साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या, डीसी २० व्होल्टच्या रेंजवर. गाडी चालू, कोणाला तरी रेस धरायला सांगा, साधारण दोन हजार आरपीएम. हेडलाइट डिपरवर नाही, अप्परवर. ब्लोअर फुल, वायपर चालू. मग चार ठिकाणी मोजा. पहिलं डायनॅमोच्या बी-प्लसच्या (जिथून जाड वायर बॅटरीच्या प्लसला जाते त्या) बोल्टपासून डायनॅमोच्याच बॉडीला. दुसरं बॅटरीच्या दोन खांबांवर, टर्मिनलच्या पितळेवर नाही, शिशाच्या खांबावरच सळई टेकवायची. तिसरं बी-प्लसपासून बॅटरीच्या प्लस खांबाला. चौथं डायनॅमोच्या बॉडीपासून बॅटरीच्या मायनस खांबाला. बॉडीवर तेल-माती असते, ती पानानं खरवडून चकचकीत लोखंडावर टेकवा. पंख्यात हात आणि वायर जाणार नाही एवढं सांभाळा.

कोकणी_टेंपो
वाचतोय. रत्नागिरीत मासे वाहणाऱ्या गाड्यांची अर्थिंगं दरवर्षी सडतात, त्यामुळं उत्तराचा अंदाज आलाय, पण बोलत नाही.

टेक्सासकर
इकडच्या बऱ्याच पिकअपांना मीटरमध्ये व्होल्टचा काटाच असतो, त्यामुळं लोकांना बिघाड लवकर कळतो. पण त्याचाही ताप आहेच. माझ्या गाडीचा काटा हायवेवर चौदावरून तेराच्या खाली यायचा, मी घाबरून डायनॅमो बदलायला निघालो होतो. मग कळलं की ती बिघाडाची खूण नाही, कंपनीनं मुद्दामच तसं केलंय. बॅटरी भरली की इंधन वाचवायला कॉम्प्युटर चार्जिंग उतरवतो आणि हेडलाइट लावले की परत चढवतो.

त्याआधी, सत्तरच्या दशकापर्यंत, इकडं अ‍ॅमीटर असायचे. चार्जिंगचा सगळा करंट त्या मीटरमधून फिरून यायचा. जुन्या गाड्या हौसेनं ठेवणारे आता पहिल्यांदा तो काढून टाकतात, कारण पन्नास वर्षांच्या जॉइंटमधून चाळीस-पन्नास अँपिअर डॅशबोर्डमागं न्यायचे म्हणजे आगीला आमंत्रण.

द्राक्षवाला_निफाड
टेक्सासकर, हे आता इकडंही आलंय. एप्रिल २०२० पासून बीएस-६ झाल्यावर बऱ्याच गाड्यांच्या बॅटरीच्या मायनस टर्मिनलवर एक सेन्सर बसलेला दिसतो. माझ्या नव्या पिकअपला कधी साडेबारा-तेरा दिसतं, कधी पावणेपंधराच्या जवळ. वायरमननं एलईडीची पट्टी लावताना तिचं मायनस थेट बॅटरीच्या खांबाला दिलं होतं, त्यामुळं तो करंट सेन्सरला कळतच नव्हता आणि हिशोब चुकून बॅटरी अर्धवट भरायची. असल्या गाडीत जादा सामानाचं मायनस चासीला द्यायचं.

ओतूरकर
रविवारी पुतण्याला रेस धरायला बसवला आणि मोजलं.

बी-प्लस ते डायनॅमो बॉडी १४.२०. बॅटरीवर १३.५०. बी-प्लस ते बॅटरी प्लस ०.१५. डायनॅमो बॉडी ते बॅटरी मायनस ०.५५. सगळं लोड बंद केलं की बॅटरीवर १४.० येतं. वायरमननं बहुतेक असंच, लाइट न लावता मोजलं असणार. आणि हो, उभ्या गाडीतच हेडलाइट, ब्लोअर लावले की टेंपरेचरचा काटा डोळ्यांसमोर वर सरकला. बंद केले की खाली. पुतण्या म्हणतो, काका गाडीला भूत लागलंय.

मिस्त्री_नाशिक
भूत सापडलं. ०.१५ ठीक आहे, प्लसच्या बाजूला ०.२ च्या आत असलं की मी हात लावत नाही. मायनसच्या बाजूला ०.१ च्या आत पाहिजे, तुमचं ०.५५ आहे. डायनॅमो बिचारा १४.२ देतोय, बॅटरीपर्यंत साडेतेराच पोचतात. सगळी रात्र दिवे लावून पळणाऱ्या गाडीला साडेतेरात पोट भरत नाही. त्यात रोज पहाटे अर्धपोटी बॅटरीनं सेल्फ मारायचा. नवी बॅटरी अशी उपाशी ठेवली तर तीही वर्षात जाईल.

आता एकच बघायचं राहिलं. लोड तसंच ठेवून बॅटरी मायनस ते चासी मोजा, मग इंजिन ब्लॉक ते चासी मोजा. दोन्हींपैकी जिथं अर्धा व्होल्ट दिसेल तिथं दुखणं. आणि पुतण्याला सेल्फ मारायला लावून इंजिन ते चासी पुन्हा बघा. इंजिन सुरू होऊ नये म्हणून डिझेल पंपाच्या सोलेनॉइडची वायर काढून ठेवा, सेल्फची नाही.

पेठेतला_इंजिनिअर
मिस्त्रींच्या निदानाशी शंभर टक्के सहमत. हिशोब मांडतो, कारण दोन्ही दुखणी एकाच जागेची कशी ते बघण्यासारखं आहे.

डायनॅमोतून निघालेला करंट बी-प्लसवरून बॅटरीत आणि दिव्यांत जातो, तिथून चासीत उतरतो, आणि चासीतून इंजिनाच्या अर्थ पट्टीनं परत डायनॅमोच्या बॉडीत येतो. प्लसच्या वायरीतून जेवढा जातो तेवढाच या पट्टीतून परत यावा लागतो. एवढं सगळं लावल्यावर ४५ अँपिअर धरा. ०.५५ भागिले ४५ म्हणजे १२ मिलिओहम (ओहमचे हजारावे भाग). इतका बारीक अडथळा मल्टिमीटरच्या ओहमच्या रेंजवर दिसतच नाही, मीटरच्या वायरीच त्याच्या कितीतरी पट असतात. बझर वाजतो, टेस्टर लाइट झकास पेटतो, आणि वायरमन प्रामाणिकपणे ‘अर्थिंग ओके’ सांगून जातो. म्हणून अर्थिंग तपासायचं ते करंट वाहत असताना, व्होल्टमध्येच.

आता काटा. तुमचा टेंपरेचर सेन्सर एक वायरीचा असणार, त्याचं मायनस इंजिनाच्या लोखंडातून. मीटरचं मायनस केबिनच्या पत्र्यातून, म्हणजे चासीतून. लोड पडलं की इंजिनाचं लोखंड चासीपेक्षा अर्ध्या व्होल्टनं खाली जातं आणि सेन्सरच्या टोकाचं व्होल्टेज स्वतःबरोबर खाली ओढतं. हा सेन्सर असा असतो की तापला की त्याचा रेझिस्टन्स कमी होतो, त्यामुळं टोकाचं व्होल्टेज उतरलं म्हणजे पाणी तापलं, एवढंच मीटरला कळतं. इंजिन गार असलं तरी तो काटा वर नेणार. डिझेलचा फ्लोट टाकीत, त्याचं मायनस चासीला. म्हणून तो काटा गप्प. मिस्त्रींनी पहिल्याच प्रतिसादात डिझेलच्या काट्याचं विचारलं ते उगाच नव्हतं.

सेल्फच्या वेळी हाच करंट उलटा, इंजिनातून चासीत जातो. पण दोनशे अँपिअर. १२ मिलिओहमवर २.४ व्होल्ट तिथंच खलास. मान टाकणार नाही तर काय!

द्राक्षवाला_निफाड
मग लाल दिवा का लागत नव्हता? तो तर चार्जिंगचाच दिवा ना?

पेठेतला_इंजिनिअर
तो दिवा दोन प्लसमध्ये टांगलेला असतो. एका टोकाला किल्लीतून आलेला बॅटरीचा प्लस, दुसऱ्या टोकाला डायनॅमोचा डी-प्लस, म्हणजे या दिव्यासाठीचं छोटं टर्मिनल. दोन्ही सारखे असले की विझतो. मायनसच्या वाटेवर काय चाललंय ते त्याला दिसायची सोयच नाही. त्यामुळं दिवा विझलेला असला तर डायनॅमो वीज बनवतोय एवढंच कळतं, बॅटरीला ती पोचतेय का हे नाही.

उलट बाजूही सांगतो. किल्ली फिरवल्यावर, इंजिन बंद असताना, हा दिवा लागलाच पाहिजे. जुन्या डायनॅमोत याच दिव्यातून फील्डला (रोटरच्या गुंडाळीला) पहिला करंट मिळतो. बल्ब गेला असेल तर कित्येक डायनॅमो जोरात रेस दिल्याशिवाय उठतच नाहीत. आणि चालत्या गाडीत तो मंद, काजव्यासारखा लुकलुकत असेल तर डायोडचा संशय घ्या, नाहीतर बी-प्लसच्या वायरीचा.

कोकणी_टेंपो
डायोड घरच्या घरी कसा बघायचा? मी कुठंतरी वाचलं की एसी रेंजवर मोजायचं, अर्ध्या व्होल्टच्या वर आलं तर डायोड खराब. माझ्या पिवळ्या मीटरवर ३० आलं! मीटर उलटं लावलं तर शून्य.

पेठेतला_इंजिनिअर
पिवळ्या स्वस्त मीटरांची एसी रेंज डीसीलाच एसी समजते, एका बाजूनं दुपटीच्या वर आकडा आणि उलट बाजूनं शून्य. तुमचं १४ चं ३० झालं ते असं. एका सळईला मालिकेत एक मायक्रोफॅरडचा साधा पॉलिस्टर कपॅसिटर लावा, डीसी अडेल आणि खरी एसीची लहर तेवढी दिसेल. स्वस्त मीटरवर तो आकडा अंदाजापुरताच धरा.

ओतूरकर
मिस्त्रीदादा, मोजलं. बॅटरी मायनस ते चासी ०.०२. इंजिन ते चासी ०.५३. सेल्फ मारताना २.३.

खाली घुसलो. गिअरबॉक्सच्या घंटेपासून (इंजिनाला जोडणाऱ्या पुढच्या घंटेच्या आकाराच्या भागापासून) चासीला तांब्याची जाळीची पट्टी आहे. गेल्या पासिंगच्या वेळी चासी काळ्या रंगानं मारून घेतली होती, त्या पोऱ्यानं पट्टी सोडवून, मागं रंग मारून, वाळायच्या आत परत कसून टाकलेली. बोल्टाखाली रंगाचा थर, आणि पट्टी आतून हिरवी. अ‍ॅक्सिलरेटरची केबल पण काही दिवस जड चालत होती, तिचं प्लॅस्टिकचं कव्हर इंजिनाकडच्या टोकाला वितळलंय. ते याच्याच नात्यातलं का?

मिस्त्री_नाशिक
सख्ख्या नात्यातलं. पट्टीतून वाट मिळेना म्हणून सेल्फचा करंट अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून पळत होता. केबल आधी बदला, घाटात रेस अडकली तर गॅसकेटचा खर्च परवडला म्हणायची वेळ येईल.

पट्टी नवीन घ्या, रुंद आणि जाड, थिंबल (टोकाच्या बोल्टाच्या कड्या) दाबून बसवलेल्या. दोन्हीकडचा रंग घासून पांढरं लोखंड काढा, स्टार वॉशर टाका, कसून झाल्यावर वरून ग्रीस. आधी कसायचं, मग ग्रीस नाहीतर रंग. बॅटरीचं मायनस काढूनच काम करायचं. आणि पट्टी बाजारातून येईपर्यंत खात्री करायची असेल तर जंपर केबल बॅटरीच्या मायनसपासून इंजिनाच्या उचलायच्या हुकाला लावा आणि लोड टाकून काटा बघा.

ओतूरकर
जंपर लावला. काटा हेडलाइट लावून पण हलला नाही. पुतण्याचं भूत गेलं.

कोकणी_टेंपो
माझं आता विचारतो. जुनी गाडी आहे. टेंपरेचर आणि डिझेल, दोन्ही काटे एकदम वर जातात, लाइट लावा न लावा. हेही इंजिनाचं अर्थिंगच का?

मिस्त्री_नाशिक
नाही. दोन्ही एकदम जातात म्हणजे दोघांची सामाईक जागा शोधा. जुन्या मीटरात काट्यांना कमी आणि स्थिर व्होल्टेज देणारा डबीसारखा स्टॅबिलायझर असतो. तो चिकटला किंवा त्याचं मायनस सुटलं की काट्यांना पूर्ण बारा-चौदा मिळतात आणि दोन्ही वर जातात. मीटर बाहेर काढून पहिलं त्याचं अर्थिंग साफ करा. लाइट लावल्यावर दोन्ही एकदम हलत असते तर मी मीटरच्या मायनस वायरीकडं गेलो असतो.

फक्त डिझेलचा काटा वेडा असेल तर टाकीवरची फ्लोटची वायर काढून क्षणभर चासीला टेकवा. काटा एका टोकाला गेला तर मीटर आणि वायर चांगली, फ्लोट किंवा टाकीचं अर्थिंग खराब. पेट्रोलच्या गाडीत टाकीजवळ ही ठिणगी पाडू नका, मीटरकडच्या टोकाला करा.

रानवारा
मिस्त्री, माझ्या एका गाडीचा डायनॅमो दर दोन-चार महिन्यांनी कार्बन खातो. आत तेल असतं. कुठून येतं?

मिस्त्री_नाशिक
डायनॅमोच्या शेपटीला ब्रेकचा व्हॅक्यूम पंप आहे ना? त्याला इंजिन ऑइल जातं. मधलं सील गेलं की ऑइल आत झिरपतं, कार्बन आणि स्लिपरिंग चिकट होतात. वायरमन कार्बन बदलून देतो आणि सील तसंच राहतं. सील बदला, तेल परत जाणारा पाइप चोंदलाय का बघा. आणि त्या गाडीचा बेल्ट तुटला तर नुसतं चार्जिंग जात नाही, ब्रेकचा बूस्टरही जातो. दोनदा पेडल दाबलं की पाय दगडावर. घाटात हे माहीत असलेलं बरं.

ओतूरकर
पट्टी बसली. फुल लोडवर इंजिन ते चासी ०.०३, बॅटरीवर १४.०. काल रात्री माळशेजात धो धो पाऊस, सगळं चालू, काटा अर्ध्यावर. गॅसकेटवाल्याला नको म्हणून कळवलं, तो जरा नाराज आहे. अ‍ॅक्सिलरेटरची केबलही बदलली. एक शेवटचं विचारतो, जुनी पट्टी पण घासून दुसरीकडं लावून ठेवू का, जोडीला?

मिस्त्री_नाशिक
हिरवी पडलेली पट्टी भंगारात घाला. जोडीला लावायचीच असेल तर ३५ स्क्वेअर एमएमची बॅटरी केबल घ्या, बॅटरीच्या मायनसपासून थेट सेल्फच्या बोल्टाला. चासीला रंग मारणारा पोऱ्या पुढच्या पासिंगला परत येणारच आहे.